टाच घासायची वजरी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोळ्यांनी झोप लागायला लागली, रडू कमी झालं, आणि आता त्या बंद करायच्या म्हणतेस. का, तर ‘बरी झाले तर चित्रं जातील’. आधी एवढं कर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नकोस. मग वाद घालू.

तुझ्या वयात मीही हेच धरून बसलो होतो. (दाढीही वाढवली होती. तेवढ्यावर कलावंत म्हणून चहा उधार मिळायचा.) पुढे तुझ्या काकू, माझी बायको, आजारी पडल्या. त्या अकरा महिन्यांत धड एक रेघ ओढली नाही. दवाखान्यातल्या बाकावर वही मांडीवर असायची, पण समोरचं काही दिसायचंच नाही. त्या गेल्यावर दीड वर्षाने, एका सकाळी, ओट्यावरचं दुधाचं पातेलं काढलं. तळाशी करपलेलं. लोक त्याला माझं सगळ्यात दुःखी चित्र म्हणतात. खरं सांगू? काढताना मी मजेत होतो. ॲल्युमिनियमवरचा उजेड जमत नव्हता, सगळा जीव त्यातच गुंतला होता.

तू तुकोबांचा दाखला दिलास. १६३०च्या आसपासच्या त्या दुष्काळात कितीतरी घरं बसली, कितीतरी माणसं अन्न अन्न करत गेली. तुकोबा एकच झाला. मग त्यांना दुष्काळाने घडवलं असं कसं म्हणायचं? आणि स्वतःची बायको भुकेने गेली हे ते किती शब्दांत सांगतात ते अभंगात बघ. अर्धी ओळ. तिथून लाज, धंद्यातली तूट, आणि लगेच मोडकं देऊळ नीट करायचा विचार. तू त्या अर्ध्या ओळीतच मुक्काम ठोकायला निघाली आहेस.

आपल्या पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तुझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. नावातला ‘राजा’ म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे; दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. केळकर ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत. मुलाच्या नावावर त्यांनी काय जमवलं? दिवे, दौती, अडकित्ते, फण्या, कुलपं, आणि टाचा घासायच्या वजऱ्या. अशा वीस हजारांवर वस्तू. शोक करणारं त्यात फारसं काही नाही. सुपारी कातरायची, तर अडकित्त्याला पोपटाची चोच का हवी होती? टाचेची मळी काढायच्या वजरीवर पक्षी कशाला? ते घडवणारा तांबट सुखी होता की दुःखी, त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. त्याचा हात मात्र दिसतो.

दुःख तुला झालंय, ते खोटं नाही. बाबांबद्दल लिहिलंस ते वाचून मीही बराच वेळ गॅलरीत बसून होतो. पण ते चित्रात यायचं तर आपल्या पायांनी येईल. आवतण नको, आणि त्याच्यासाठी उपाशी, जागं राहणं तर नकोच.

या आठवड्यात जा. मोबाईलवर फोटो काढून परत येऊ नकोस. पेन्सिल आणि लहान वही ने. एकच वजरी निवड. धरायची जागा बोटांनी झिजलेली दिसली तर तिथे थांब, तिची छटा कशी उतरते ते बघ.

रविवारी सकाळी ये, वही घेऊन. पोहे मी करतो. कांदा जळतो माझ्याकडून, चालवून घे.

तुझे सर