फार्मसी लॉच्या परीक्षेत ७२ आले, आता काय?

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या फार्मसी लायसन्सबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि या महिन्यात बहुतेक पत्रं त्यावरच आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नागपूरची, फार्म.डी. तिथेच केलं, आता एडिसनला राहते. नॅपलेक्स (लायसन्ससाठीची औषधांच्या ज्ञानाची मुख्य परीक्षा) पहिल्याच झटक्यात पास झाले पण न्यू जर्सीच्या एमपीजेईला (फार्मसी कायद्याच्या परीक्षेला) ७२ आले, पास व्हायला ७५ लागतात. लॉचं पुस्तक दोनदा पूर्ण वाचलं होतं, वहीभर नोट्स काढल्या होत्या, प्रश्नसंचातले प्रश्न तर पाठ झाले होते. घरी सगळे म्हणतात की अवघड पेपर सुटला आणि सोप्यात कशी राहिलीस. मला रडूच येतं. परत कसा अभ्यास करू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : अगं, आधी एक सांगते, ही परीक्षा सोपी आहे असं ज्यांनी तुला सांगितलं त्यांनी ती दिलेली नाहीये. मला स्वतःला पहिल्या वेळी ७३ आले होते आणि मीसुद्धा तुझ्यासारखंच पुस्तक पाठ करून गेले होते, त्यामुळे तुझं काय झालं असेल ते मला बरोबर कळतंय. आणि ते ७५ म्हणजे ७५ टक्के नव्हे बरं का, तो स्केल केलेला स्कोअर असतो, म्हणजे नुसती बरोबर उत्तरांची मोजणी नसते, तेव्हा तीन मार्क म्हणजे तीन प्रश्न असा हिशोब करत बसू नकोस, त्याने नुसता त्रास होतो.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे ज्युरिस्प्रूडन्सचा पेपर म्हणजे अमुक कायदा कुठल्या साली आला, त्याची उद्दिष्टं लिहा, समितीत कोण कोण असतं ते लिहा, असा असायचा आणि आपण त्याच सवयीने इथला अभ्यास करतो. एमपीजेई मात्र तुला काउंटरवर उभं करते. समोर पेशंट आहे, हातात प्रिस्क्रिप्शन आहे, आज ही तारीख आहे, आता तू काय करशील? १२० प्रश्न, अडीच तास, मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, आणि प्रश्नात कुठेही लिहिलेलं नसतं की हा फेडरल कायद्यावरचा आहे की राज्याच्या. दोन्ही तुझ्या डोक्यात एकत्र हवेत आणि दोन्हींत जो जास्त कडक तो लागू, एवढं धरून उत्तर द्यायचं.

उदाहरण देते. फेडरल कायद्यात नियंत्रित औषधांच्या (ज्यांची सवय लागू शकते, गैरवापर होऊ शकतो अशांच्या) प्रिस्क्रिप्शनचे रेकॉर्ड दोन वर्षं ठेवायचे, न्यू जर्सीत पाच, म्हणजे तुझ्यासाठी उत्तर पाच. अचानक उठलेल्या दुखण्यासाठी पहिल्यांदा ओपिऑइड (अफूच्या जातीचं वेदनाशामक) लिहून दिलं तर किती दिवसांचं देता येतं याला फेडरल कायद्यात दिवसांची मर्यादाच नाही, न्यू जर्सीत पाच दिवस आणि नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलं की सात. तुझी न्यूयॉर्कमधली मैत्रीण तिच्या नोट्स तुला प्रेमाने देईल, पण त्या घेऊ नकोस, कारण पाच आणि सात एकदा डोक्यात मिसळले की परीक्षेच्या खोलीत वेगळे होत नाहीत.

तारखेचा हिशोब हा दुसरा मोठा सापळा. शेड्यूल म्हणजे नियंत्रित औषधांचे धोक्याप्रमाणे पाडलेले गट, त्यातल्या तीन आणि चारच्या औषधांना जास्तीत जास्त पाच रिफिल आणि सहा महिने, हे तुला पाठ असणारच. पण सहा महिने कधीपासून? समज डॉक्टरांनी शेड्यूल चारचं अल्प्राझोलाम १० जानेवारीला पाच रिफिलसह लिहिलं, पेशंटने पहिल्यांदा घेतलं २ मार्चला, मग एप्रिल, मे, जूनमध्ये एकेक रिफिल घेतलं. आता ती २० जुलैला आलीय आणि कॉम्प्युटरवर दोन रिफिल शिल्लक दिसतायत. द्यायचं? नाही द्यायचं. सहा महिने लिहिल्याच्या तारखेपासून मोजायचे, म्हणजे १० जुलैलाच ते प्रिस्क्रिप्शन संपलं. जी मुलगी मार्चपासून मोजते तिला सप्टेंबर दिसतो आणि तिचं उत्तर चुकतं. नियम तिला येतच होता, फक्त तो तारखेवर चालवून बघितला नव्हता. म्हणून रोज दहा प्रिस्क्रिप्शनं स्वतः कागदावर लिही, खोट्या नावांची, तारखा टाकून, आणि प्रत्येकापुढे देणार की नाही आणि का ते लिही. दोनदा पुस्तक वाचण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल, मला तरी झाला.

शेड्यूल दोनमध्ये रिफिल नाहीच, पण अर्धवट देण्याचे तीन आकडे आहेत आणि तिथे खूप जणी अडकतात, ७२ तास, ३० दिवस आणि ६० दिवस. हे आकडे म्हणून पाठ करू नकोस, प्रत्येकामागे माणूस बघ. दुकानात गोळ्याच कमी पडल्या तर चूक आपल्या स्टॉकची, म्हणून उरलेल्या ७२ तासांत द्यायच्या, नाही जमलं तर डॉक्टरांना कळवायचं आणि उरलेल्या गोळ्यांसाठी नवीन प्रिस्क्रिप्शन लागतं. पेशंट किंवा डॉक्टर स्वतःच म्हणाले की सगळ्या नकोत, थोड्या द्या, तर लिहिल्या तारखेपासून ३० दिवस, ही सोय २०१६ च्या कायद्याने आली, घरात उरलेल्या ओपिऑइडच्या गोळ्या चुकीच्या हातात जाऊ नयेत म्हणून. आणि पेशंट शेवटच्या आजारात असेल किंवा दीर्घकालीन देखभाल केंद्रात असेल तर ६० दिवस, कारण तिथे डोस सतत बदलतो आणि माणूस कधी जाईल सांगता येत नाही. अशी कारणं कळली की आकडे आपोआप जागेवर बसतात.

मी दुसऱ्या वेळी आणखी एक केलं. ऑक्सिकोडोनची (हे शेड्यूल दोनचं ओपिऑइड) एक बाटली घेतली, म्हणजे मनातल्या मनात, आणि ती दुकानात येते तिथपासून संपते तिथपर्यंत तिच्या मागे मागे गेले. दुकानाला डीईएचं (नियंत्रित औषधांवर नजर ठेवणाऱ्या फेडरल खात्याचं) रजिस्ट्रेशन हवं तर फॉर्म २२४, दर तीन वर्षांनी रिन्यू. बाटली मागवायची तर फॉर्म २२२ किंवा त्याची इलेक्ट्रॉनिक ऑर्डर. आली की रेकॉर्ड, दर दोन वर्षांनी स्टॉकची मोजदाद. चोरीला गेली तर कळल्यापासून एका कामाच्या दिवसात डीईएला लेखी कळवायचं आणि फॉर्म १०६ ऑनलाइन ४५ दिवसांत भरायचा. एक्स्पायर झाली आणि रिव्हर्स डिस्ट्रिब्युटरकडे (नको असलेला माल परत घेणाऱ्या कंपनीकडे) पाठवायची तर पुन्हा २२२, पण या वेळी तो फॉर्म ते आपल्याला देतात कारण आता माल घेणारे ते आणि देणारे आपण. नष्ट केल्याची नोंद फॉर्म ४१ वर. बघ, एकाच बाटलीच्या गोष्टीत सगळे फॉर्म आले. आणि हो, तुझ्या जुन्या नोट्समध्ये २२२ च्या तीन रंगांच्या तीन प्रती लिहिल्या असतील तर ते पान फाडून टाक, ३० ऑक्टोबर २०२१ नंतर ते जुने फॉर्म चालत नाहीत, आता एकच कागद असतो. सिनियरकडून आलेल्या पीडीएफमध्ये अजून तेच फिरतंय.

प्रिस्क्रिप्शनवरचा डॉक्टरांचा डीईए नंबर तपासायला हात बसला पाहिजे. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवायचा, दुसरा, चौथा, सहावा मिळवून दुप्पट करायचा, दोन्हींच्या बेरजेचा शेवटचा आकडा हा सातवा आकडा असला पाहिजे. १२३४५६३ घे, पहिली बेरीज ९, दुसरी १२ ची दुप्पट २४, एकूण ३३, शेवटी ३, जुळलं. पण जुळलं म्हणजे प्रिस्क्रिप्शन खरं झालं असं नाही, खोटं करणाऱ्यालाही हा हिशोब येतोच.

आता मनातलं बोलते. आपण ज्या मेडिकल स्टोअरच्या वातावरणात शिकलो तिथे गिऱ्हाईक ओळखीचं असतं, मागच्या वेळची चिठ्ठी चालते, पट्टीतल्या चार गोळ्या कापून देतो आणि त्यात माणुसकीच असते, वाईट काही नसतं. पण ती सवय या परीक्षेत आपल्याला पाडते. पेशंट बिचारा आहे, डॉक्टरांचा फोन लागत नाहीये, असं प्रश्नात वाचलं की आपला हात देण्याकडे जातो. अमेरिकेच्या कायद्यात प्रिस्क्रिप्शन खऱ्या वैद्यकीय कारणासाठी आहे ना ही जबाबदारी डॉक्टरांची तशीच देणाऱ्या फार्मसिस्टचीही आहे, सही दिसली म्हणून दिलं असं म्हणून सुटता येत नाही. मात्र नाही म्हणणं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडणं पण नव्हे. खरी इमर्जन्सी असेल तर शेड्यूल दोनचं औषधही डॉक्टरांच्या फोनवर देता येतं, फक्त त्या इमर्जन्सीपुरतंच, आणि सात दिवसांत लेखी प्रिस्क्रिप्शन यायला हवं, नाही आलं तर आपण डीईएला कळवायचं. कायद्याने वाट ठेवलीय, ती कुठे आहे हे तुला माहीत आहे का एवढंच परीक्षा बघते.

पुन्हा बसायला ३० दिवस थांबावं लागतं. त्यातले पहिले चार दिवस पुस्तक उघडूच नकोस. मग न्यू जर्सीच्या फार्मसी बोर्डाचे नियम मूळ भाषेत वाच, गाईडमधून नको, कंटाळवाणं आहे पण प्रश्नांची भाषा त्याच वळणाची असते. आणि पेपरला १२० च्या १२० प्रश्न सोडव, किमान १०७ सोडवले नाहीत तर स्कोअरच मिळत नाही. निकाल आला की मला कळव, मी वाट बघतेय.

प्रश्न : माझ्या मुलाने यंदा बी.फार्म. पूर्ण केलं. इथला एक एजंट म्हणतो की अमेरिकेत फक्त लॉची परीक्षा द्यायची, ऑनलाइन क्लास आम्ही घेतो, लगेच फार्मसिस्टचं लायसन्स मिळतं. फी बरीच आहे, सोनं मोडावं लागेल. भरू का?
– एक आई, सांगली

उत्तर : काकू, अजिबात भरू नका. तुमचं पत्र वाचून मी जेवण बाजूला ठेवून हे लिहितेय. अमेरिकेबाहेर शिकलेल्यांना आधी एफपीजीईसी नावाचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्यात कागदपत्रांची तपासणी, इंग्रजीची परीक्षा आणि फार्मसी विषयांची एफपीजीईई ही परीक्षा असते. आणि १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा कोर्स किमान पाच वर्षांचा हवा. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं, म्हणून मुलाला एफपीजीईई ला बसताच येणार नाही. वर एम.फार्म. केलं तरी ती दोन वर्षं धरत नाहीत. आपल्याकडचा सहा वर्षांचा फार्म.डी. चालतो. सर्टिफिकेटनंतरही राज्य सांगेल तेवढे तास इंटर्नशिप, मग नॅपलेक्स आणि लॉची परीक्षा, म्हणजे लॉची परीक्षा अगदी शेवटच्या पायरीवर येते, ती पहिली देऊन लायसन्स मिळवण्याचा रस्ता नाहीच आहे. मुलाला तिकडे फार्मसिस्टच व्हायचं असेल तर तिथल्या कॉलेजात फार्म.डी. ला प्रवेश घेणं हा खरा मार्ग, खर्चिक आहे, वर्षंही जातात. त्याच्याशी शांतपणे बोला, त्याला काउंटरवरचं काम आवडतं का कंपनीतलं हे विचारा, कारण कंपनीत संशोधनाचं काम करायला फार्मसिस्टचं लायसन्स लागत नाही. सोनं कपाटातच राहू द्या.

प्रश्न : मी डी.फार्म. झालो, एक्झिट एक्झाम द्यायचीय. कायद्याचा भाग इंग्रजीत वाचला की डोक्यावरून जातो. शेड्यूल एच, एच१, एक्स सगळं सारखंच वाटतं.
– एक वाचक, लातूर

उत्तर : भाऊ, २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक पेपरमध्ये किमान ५० टक्के हवेत आणि तेही एकाच प्रयत्नात, म्हणून बाकीच्या विषयांवर तरून जाईन असं कायद्याच्या बाबतीत धरू नकोस. प्रयत्न कितीही करता येतात, ती चिंता नको. शेड्यूल, म्हणजे आपल्या औषध कायद्यातल्या याद्या, पाठ करण्याआधी ओळखीच्या मेडिकलमध्ये आठवडाभर दुपारी जाऊन बस आणि पट्ट्या उलट्या करून बघ. एच म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. एच१ मध्ये टीबीची औषधं, तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स अशी औषधं आहेत, चिठ्ठी तर हवीच, शिवाय वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली कारण अँटिबायोटिक्स वाट्टेल तशी खपत होती आणि जंतू त्यांना दाद देईनासे झाले होते. एक्स सगळ्यात कडक, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं, माल कुलपात, आणि किरकोळ विक्रीला वेगळं लायसन्स, फॉर्म २०-एफ. साध्या दुकानाच्या भिंतीवर २० आणि २१ लटकलेले दिसतील, ते खरंच जवळ जाऊन वाच. इंग्रजी शब्द तुला दुकानात रोज दिसलेले असले की पेपरमध्ये परके वाटत नाहीत.

प्रश्न : न्यू जर्सीचं लायसन्स आहे, नवऱ्याची बदली डॅलसला होतेय. पुन्हा सगळं द्यावं लागेल का?
– एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : नॅपलेक्स पुन्हा नाही, एनएबीपीमार्फत (राज्यांच्या फार्मसी बोर्डांच्या संघटनेमार्फत) लायसन्स ट्रान्सफर करता येतं, पण टेक्ससची एमपीजेई द्यावी लागेल. पुढे कॅलिफोर्नियाला गेलात तर तिथे एमपीजेई नसून त्यांची स्वतःची सीपीजेई आहे, आणि आयडाहोसारख्या राज्याने ही परीक्षा काढूनच टाकलीय. ट्रान्सफरचा अर्ज सामान बांधायच्या आधी करा, कारण कागद तपासायला वेळ लागतो आणि तोवर तिकडे फार्मसिस्ट म्हणून काउंटरला उभं राहता येत नाही.