फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर म्हणून नव्याने लागताना

पगार ठरवण्याआधी कामाच्या वेळेत शॉपमध्ये एक चक्कर मार. धूर छताखाली साचलेला दिसला, ग्राइंडरचे गार्ड काढून मोठ्या चकत्या चढवलेल्या दिसल्या, तर चार पैसे जास्त मिळत असले तरी तिथे लागू नकोस.

सगळ्यांत फसवं काम गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाइपचं. जस्ताचा पांढरा धूर छातीत जातो तेव्हा फारसं जाणवत नाही. काही तासांनी, बहुतेकदा घरी गेल्यावर, थंडी वाजून ताप येतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हे टळत नाही, कितीही जुना कारागीर सांगो. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त 25 ते 50 मिमीपर्यंत आधी घासून काढ. डोकं धुराच्या वर धरू नकोस, पंखा बाजूने लाव. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हा धूर अडत नाही; फिल्टरचा मास्क मागून घे.

3.15 मिमीच्या वेल्डिंग रॉडला 100 ते 130 अँपिअर पुरतो, डोळ्यांसमोरची काळी काच 10 किंवा 11 नंबरची. टॅक (तात्पुरता छोटा जोड) मारताना नुसते डोळे मिटणाऱ्यांच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखं खुपतं.

पावसाळ्यात जास्त जप. वेल्डिंग थांबलेलं असतानाही रॉड धरायच्या होल्डरवर 60 ते 80 व्होल्ट असतात. घामाने भिजलेले हातमोजे बदल, पायाखाली कोरडी फळी घे.

ओव्हरटाइमचा कायदेशीर दर दुप्पट आहे. तास रोज स्वतःच्या वहीत लिही. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) नंबर पहिल्याच महिन्यात माग. भाजल्यावर धावपळ करून उपयोग नाही.