प्राथमिक शाळेत ऑनलाइन लर्निंग प्लॅटफॉर्मचा मुलांना आणि पालकांना खरंच उपयोग होतो का?

होतो, पण सगळं एकाच ठिकाणी असेल तर. गृहपाठ एका अ‍ॅपवर, सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि गुण तिसरीकडेच असले की पालक हळूहळू बघणंच सोडून देतात.

पहिली-दुसरीच्या मुलांना टाइप करायला लावू नका. सीसॉसारख्या प्लॅटफॉर्मवर मूल वहीतल्या गणिताचा फोटो काढून स्वतःच्या आवाजात सांगू शकतं, "इथे मी हातचा एक घेतला." गाडी नेमकी कुठे अडली ते शिक्षकांना तिथल्या तिथे कळतं, घरच्यांनाही. शिवाय पालकांना सहसा आपल्याच मुलाचं काम दिसतं, त्यामुळे शेजारच्याशी तुलना टळते. (निदान त्या अ‍ॅपवर तरी!)

गूगल क्लासरूममध्ये शाळेने सोय चालू केली असेल, तर राहिलेल्या कामाचा ईमेल पालकांना रोज किंवा आठवड्याला जातो. आठवड्याचाच निवडा, रोजच्याने घरात नुसती कटकट होते.

घरात एकच फोन असेल तर लाइव्ह तासाचा हट्ट नको. पाच-सात मिनिटांचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पुरतो, तो रात्रीही बघता येतो. लहान वर्गांना पासवर्डऐवजी क्यूआर कोडने लॉगिन द्या, अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.