स्वतःचे पूर्वग्रह स्वतःला कसे ओळखता येतील?

तुमचा प्रश्न असा: 'मी रोज रात्री दिवसभराचं वागणं आठवून बघतो, कुणाबद्दल आकस धरला का ते तपासतो, पण काहीच सापडत नाही. माझ्यात पूर्वग्रह नाहीत, की मला दिसत नाहीत?'

दिसत नाहीत. आणि डोळे मिटून आठवत बसलात तर दिसणारही नाहीत.

एक कागद घ्या. डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे सात सेंटीमीटरवर ठळक ठिपका. डावा डोळा झाका आणि उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. चेहऱ्यापासून वीत-सव्वावीत अंतरावर ठिपका गायब होतो. डोळ्याच्या पडद्यावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात. सतराव्या शतकात मारिओत या फ्रेंच संशोधकाने हे दाखवून दिलं. ठिपका जातो, पण त्या जागी भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू आजूबाजूचा रंग भरून मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं, सगळं दिसतंय.

मनाचंही असंच. २००२ साली मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी लोकांना निरनिराळ्या पूर्वग्रहांची वर्णनं देऊन विचारलं, हे तुमच्यात किती आणि इतरांत किती? स्वतःत कमी, इतरांत जास्त, असाच एकूण सूर निघाला. २०१२ मध्ये वेस्ट, मेसर्व्ह आणि स्टॅनोविच या संशोधकांना हुशार माणसंही यातून सुटलेली दिसली नाहीत. म्हणजे नुसत्या हुशारीचा इथे उपयोग नाही.

आता माझं सांगतो. पावसजवळ आमची हापूसची छोटी बाग आहे. पेट्या आम्ही थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. हापूसला साका होतो, हे माहीत असेलच: वरून आंबा सोन्यासारखा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर. पेटी भरणाऱ्यालाही तो कळत नाही, त्यामुळे तक्रारी येणारच. आणि मी वर्षानुवर्षं सांगत आलो, 'पुणेकर फार किरकिरे. मुंबईची माणसं कशी, समजून घेतात.' एका पुण्याच्या गृहस्थांनी कापलेल्या फोडीशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो पाठवला होता. तो मी निम्म्या गावाला दाखवला असेल.

गेल्या पावसाळ्यात पुतण्या हिशेब लिहायला बसला. म्हणाला, "काका, तक्रारींच्या पानावर मुंबईचं एकही नाव कसं नाही?" मी म्हटलं, "नाहीच येत त्यांच्या." त्याने माझा फोन घेतला आणि एप्रिल-मेचे सगळे मेसेज वाचून काढले. पुण्याला ११८ पेट्या, तक्रारी ११. मुंबई-ठाण्याला ९४ पेट्या, तक्रारी ८. शंभराला नऊ आणि साडेआठ!

मुंबईच्या त्या आठ मी दडवल्या नव्हत्या. त्या मला तक्रारी वाटल्याच नव्हत्या. गिरगावातल्या मावसभावाने लिहिलं होतं, 'तीन आंब्यांत साका निघाला रे.' ते मी 'आपल्या माणसाने कळवलं' म्हणून वाचलं. तेच वाक्य पुण्याहून आलं की 'किरकिर'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण मी आयुष्यभर वापरली, अर्थात शेजाऱ्यांबद्दल.

म्हणून माझं उत्तर एवढंच, की स्वतःच्या मनात शोधू नका, स्वतःच्या शब्दांत शोधा. एकाच गोष्टीला माणूस बदलला की तुम्ही दुसरा शब्द वापरता का? भाऊ काटकसरी आणि मेव्हणा चिकट. आपली पोरगी स्पष्टवक्ती आणि सून तोंडाळ. अशी जोडी सापडली की दोन्हीकडचं मोजा, आणि मोजायला दुसऱ्याला बसवा. मी मोजलं असतं तर पुन्हा शून्यच आलं असतं.

जाता जाता आणखी एक: अंदाज आधी लिहून ठेवा. मोहोर बघून यंदा पीक किती येईल ते मी आता डिसेंबरातच कॅलेंडरच्या मागे लिहितो. 'मी म्हटलंच होतं' म्हणायची सोय गेली, घरात शांतता आहे.

शब्दांची ही झडती सुरू केल्यावर जे हाती लागलं ते मात्र साक्यावर थांबलं नाही. बागेत राखणीला नेपाळहून आलेला एक माणूस असतो, आठ हंगाम झाले. यंदा मे महिन्यात दुपारी तो कलमाखाली आडवा झालेला दिसला आणि मी ओरडलो, "झोपा काढतोस काय?" चार कलमं पलीकडे पुतण्याही तसाच पसरला होता. घरी येऊन मी त्याच्या आईला सांगितलं, "दमलाय बिचारा पोरगा."

मग हंगाम संपला. दर वर्षी मी राखणदाराला पगार रोख देतो, या वेळी तो म्हणाला, फोनवर पाठवा. नंबर टाकला, रक्कम टाकली, स्क्रीनवर नाव आलं आणि मी थांबलो. चुकीच्या माणसाला पैसे चाललेत असं वाटलं. आठ वर्षं मी त्याला 'बहादूर' म्हणत होतो. इकडे सगळ्यांनाच म्हणतात.