तूं पळय

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. जहाजावरच्या नोकरीचं अजून काही ठरत नाही, रोज प्रार्थना करतोस, पण तोंडातून निघणारे शब्द आपल्यालाच खोटे वाटतात, असं लिहिलंयस. मला त्याची काळजी नाही वाटली, उलट बरंच वाटलं.

तू प्रार्थना इंग्रजीतून करतोस, ग्रुपमधले सगळे तशीच करतात म्हणून. अरे, आईशी ज्या भाषेत भांडतोस त्या भाषेत बोल ना देवाशी! १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण ख्रिस्ताची कथा सांगायला त्यांनी मराठी ओवी धरली. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातच, रायतूरला छापलं गेलं. तो परका माणूस आपल्या ओवीपर्यंत चालत आला आणि आपण मात्र 'ऑलमायटी फादर'वर अडलोय.

माझीच एक फजिती सांगतो. म्हापशात आमच्या वाड्यावर एका घरी मुलगा आजारी होता. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर सगळे म्हणाले, सर, तुम्ही प्रार्थना करा. मास्तरकीची सवय, मी लांबलचक केली. उपमा काय, वचनं काय! मध्येच डोळा किलकिला करून लोकांवर परिणाम किती होतोय तेही पाहिलं. मी थांबलो तशी त्या मुलाची आई पदराला हात पुसत पुढे आली आणि आल्तारासमोर, देवाच्या वेदीपुढे, कोकणीत म्हणाली, "देवा, म्हज्या पुताक दम लागता. तूं पळय." माझ्या मुलाला दम लागतोय, तू बघ. एवढंच. आणि चहा टाकायला आत गेली.

तो मुलगा महिन्याभरात गेला. पुढच्या तेर्साला ती बाई येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती आली, आल्तारासमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली की देवा, मी तुझ्यावर रागावलेय. कोणीतरी तिला गप्प करायला पुढे झालं. मी त्याला अडवलं. त्या संध्याकाळी एवढं एकच शहाणपणाचं काम माझ्या हातून झालं.

मागितलं की मिळतंच, हीच श्रद्धा, असं आम्हाला लहानपणी शिकवलेलं. मला ते आता पटत नाही. गेथशेमाने बागेत येशूने तीनदा तेच मागितलं, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून. टळला नाही. तरी तो पित्याशीच बोलत होता. तेरावं स्तोत्र काढून बघ, सहाच ओव्यांएवढं आहे. सुरुवातीलाच चार वेळा 'कुठवर?' विचारलंय, अगदी तक्रारीच्या सुरात. असली तक्रार बायबलमध्ये चालते, तर तुझ्या खोलीत का चालू नये?

नवसाचं विचारलंस. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मारियामातेला, तेल वाहणाऱ्यांना मी हसत नाही. हिंदू, ख्रिस्ती सगळेच येतात तिथे, आणि आपलं गाऱ्हाणं आडपडदा न ठेवता सांगतात. फक्त तेलाची बाटली म्हणजे नोकरीचा अॅडव्हान्स नव्हे, एवढं ध्यानात ठेव.

आज रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. मेणबत्ती नसली तरी चालेल. नोकरी हवीय, मित्राला मिळाली म्हणून पोटात दुखतंय, बाबांच्या कर्जाची भीती वाटतेय, जे असेल ते सांग. मित्राचं तर आधी सांग, ते तू मलाही दोन ओळींच्या मध्ये लपवून लिहिलंयस. मग थोडा वेळ नुसता बस. झोप लागली तर लागू दे.

फोन आला की कळव, नाही आला तरी कळव. ईस्टरनंतर सायबिणीच्या फेस्ताला, सणाला, म्हापशाला ये. तेल मी आणून ठेवतो.

तुझा,
सर