क्लॅनचा लीडर सर्वांत बलाढ्य खेळाडूच असावा का?

प्रश्न : मी अनेक वर्षे 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा मोबाइलवरील खेळ खेळत आहे. आमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, ठाणे, कळवा आणि नवी मुंबई परिसरातील चाळीसेक जण असून त्यांतील बहुतेक माझे महाविद्यालयातील मित्र आहेत. आधीच्या लीडरने खेळ सोडताना हे पद माझ्याकडे दिले. मात्र पाच-सहा जणांचा टाऊन हॉल (खेळातील गावाची मुख्य इमारत) माझ्यापेक्षा वरच्या पातळीचा असल्यामुळे ते माझे ऐकत नाहीत. प्रत्येक वॉरमध्ये, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी होणाऱ्या लढाईत, काही जण एकही अटॅक (हल्ला) न करता राहतात आणि त्यांना काढावे तर मैत्रीत वितुष्ट येते. चांगल्या लीडरच्या अंगी नेमके कोणते गुण असावे लागतात?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचा टाऊन हॉल खालच्या पातळीचा आहे, ही अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. क्लॅन वॉरमध्ये प्रत्येकाला दोनच अटॅक मिळतात आणि ते लीडरलाही दोनच असतात. त्यामुळे तीस जणांच्या वॉरमधील साठ अटॅकपैकी अठ्ठावन्न इतरांच्या हाती असतात. ते वेळेवर आणि योग्य बेसवर (समोरच्या खेळाडूच्या गावावर) व्हावेत, हे पाहणे हेच लीडरचे खरे काम आहे आणि त्यासाठी आपली माणसे ओळखणे हा पहिला गुण लागतो. दहीहंडीच्या पथकाचा प्रशिक्षक स्वतः वरच्या थरावर चढत नाही, परंतु कोणाचा खांदा किती भार पेलेल हे त्याला पक्के ठाऊक असते. लीडरचेही तसेच आहे.

अटॅक न करणाऱ्यांना काढण्यापूर्वी तुमच्या वॉरची वेळ तपासून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवेन. तयारीचा दिवस २३ तासांचा आणि लढाईचा दिवस २४ तासांचा असतो, म्हणजे प्रतिस्पर्धी क्लॅनचा शोध कधी सुरू करायचा हे ठरवतानाच लीडर वॉर कधी संपणार हेही ठरवत असतो. मंगळवारी दुपारी दोनला शोध लावला, तर लढाई गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास संपते. त्या वेळी तुमच्यातील कोणी कार्यालयात बैठकीला बसलेला असतो, तर कोणी ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत उभा असतो. तोच शोध शुक्रवारी रात्री नऊला लावला, तर लढाई शनिवारी रात्री आठच्या सुमारास सुरू होऊन रविवारी रात्री आठला संपते आणि प्रत्येकाला सुट्टीचा जवळजवळ पूर्ण दिवस मिळतो. ज्यांना आपण बेजबाबदार म्हणतो, त्यांच्यापैकी बरेच जण केवळ एवढ्या बदलाने नियमित होतात. रात्रपाळी करणारा कोण, परीक्षा कोणाची आहे, हे लीडरला माहीत असले पाहिजे. गौरी-गणपतीला अर्धा क्लॅन कोकणात गेलेला असताना मोठे वॉर लावण्याचा हट्ट धरू नये. वॉर पाच जणांचेही लावता येते. शिवाय, वॉरमध्ये सहभागी व्हायचे की नाही, हे प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलवर हिरव्या किंवा लाल खुणेने कळवता येते. लाल खूण ठेवणाऱ्याला कधीही बोल लावायचा नाही, मात्र हिरवी खूण ठेवूनही सलग तीन वॉरमध्ये अटॅक न करणाऱ्याला पुढच्या वॉरमध्ये घ्यायचे नाही, असा नियम आधीच जाहीर करावा आणि तो जिवलग मित्रालाही लावावा. क्लॅनमधून काढण्यापेक्षा वॉरमधून वगळणे पुष्कळ सौम्य असते आणि त्यात मैत्रीही टिकते.

वरच्या पातळीच्या खेळाडूंना हुकूम सोडण्याऐवजी त्यांचा सल्ला घ्यावा. समोरच्या एखाद्या बेसवर कितीही अटॅक झाले, तरी त्यांतील सर्वांत चांगल्या अटॅकचेच तारे (एका अटॅकला जास्तीत जास्त तीन) धरले जातात. त्यामुळे एकाच बेसवर तिघांनी दोन-दोन तारे मिळवले, तर दोघांचे श्रम वाया जातात. कोण कोणता बेस घेणार, याची वाटणी तयारीच्या दिवशीच या अनुभवी मंडळींबरोबर बसून करावी. स्वतःचा दुसरा अटॅक मात्र अखेरपर्यंत राखून ठेवावा आणि कोणाचा नव्वद टक्के नाशावर अडलेला बेस पूर्ण करण्यासाठी वापरावा. त्यात नाव होत नाही, पण लीडर इतरांचे अपुरे काम पुरे करतो हे सगळ्यांच्या लक्षात राहते. तयारीच्या दिवशी इतरांचे क्लॅन कॅसल (सहकाऱ्यांनी दिलेले सैन्य ठेवण्याची इमारत) स्वतः सैन्य देऊन भरणाऱ्या लीडरचा शब्दही मोडवत नाही. एखाद्याचा अटॅक फसला, तर चॅटमध्ये सर्वांसमोर त्याला सुनावू नये. रिप्ले पाहून सैन्य कोणत्या बाजूने सोडायला हवे होते, ते त्याला शांतपणे सांगावे.

को-लीडरपद, म्हणजे लीडरच्या लगेच खालचे पद, देताना मात्र अतिशय जपून राहावे. को-लीडर वॉर सुरू करू शकतो आणि एल्डर (को-लीडरच्या खालचे पद) व साध्या सदस्यांना बाहेरही काढू शकतो. रागाच्या भरात कोणा को-लीडरने वर्षानुवर्षे उभा केलेला क्लॅन एका रात्रीत रिकामा केल्याचे प्रकार या खेळात घडतात. केवळ मित्र आहे किंवा त्याचा टाऊन हॉल मोठा आहे म्हणून हे पद देऊ नये. हरलेल्या वॉरनंतर तो चॅटमध्ये कसा बोलतो, हे काही महिने पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.

निःपक्षपातीपणाची खरी परीक्षा क्लॅन वॉर लीग या क्लॅनांच्या स्पर्धेत होते. तेथे सात दिवस रोज प्रत्येकी एकच अटॅक असतो आणि शेवटी बोनस मेडल (जादा बक्षिसाची पदके) मोजक्याच सदस्यांना, तीही लीडरच्या किंवा को-लीडरच्या हातून, दिली जातात. सर्वाधिक तारे मिळवणाऱ्याला ती द्यायची, की एकही दिवस न चुकवता आपल्याहून बलवान बेसवर लढलेल्यालाही द्यायची, हे लीग सुरू होण्यापूर्वीच क्लॅनसमोर मांडावे. माझे मत विचाराल, तर दुसऱ्याचा हक्क निश्चितच मोठा आहे.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा अशाच एका क्लॅनचा लीडर आहे. वॉर संपण्याच्या वेळी, मग ती पहाटेची असली तरी, तो उठून बसतो. त्याला लीडरपद सोडायला लावावे का?
— एक आई, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : लगेच सोडायला लावू नये. वॉरची वेळ लीडरच्याच हाती असते, त्यामुळे वॉर पहाटे संपत असेल तर ते त्याच्याच नियोजनामुळे संपत आहे. शोध रात्री नऊच्या सुमारास सुरू करण्यास त्याला सांगावे, म्हणजे लढाई रात्री आठपर्यंत आटोपेल. वॉर सुरू करण्याचे काम एखाद्या विश्वासू को-लीडरकडे सोपवायलाही त्याने याच वयात शिकावे. त्याच्या परीक्षेच्या काळात क्लॅन त्याच्यावाचून नीट चालला, तर तो चांगला लीडर आहे असे खुशाल समजावे, आणि तसे त्याला बोलूनही दाखवावे.