थायलंडचं लायसन्स काढून मुलगा एफवनला जाईल का?

नमस्कार. बँकॉकहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा 15 वर्षांचा, दहावीला 64 टक्के, तीन वर्षं कार्टिंग (छोट्या रेसिंग गाड्या चालवणं) करतोय, आणि तुमचा हिशोब असा की भारतात गर्दी फार, थायलंडमधून ड्रायव्हर कमी, अॅलेक्स अल्बॉन हा थाई ड्रायव्हर एफवनला (फॉर्म्युला वन, रेसिंगची सर्वोच्च स्पर्धा) गेला तसा आपलाही जाईल, म्हणून थाई रेसिंग लायसन्स काढायचं आणि अकरावीला सुट्टी द्यायची.

पण मी अडकलो ते दुसऱ्याच वाक्यावर. "लॅप (ट्रॅकचा फेरा) खराब गेला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही, त्याने शिस्त लागते." अहो शिस्त नाही लागत, धाक बसतो. पोरगं मग वळणावर ब्रेक कधी मारायचा याचा विचार करत नाही, घरी जाताना गाडीत बाबा बोलतील का याचा करतं. आणि मार्क कमी पडले म्हणून रेसिंग, म्हणजे काय तर अभ्यासात नाही जमलं तर निदान इथे तरी आमचं नाव काढ, हे ओझं तुम्ही त्याच्या हेल्मेटमध्ये भरलंय. पत्रात तुमचं स्वप्न दीड पान आहे, त्याला काय वाटतं याची एक ओळ, तीही शेवटी: "तो म्हणतो त्याला गाडीचा डेटा बघायला जास्त आवडतं, पण ते वय असतं." वय नाही हो, ते उत्तर आहे.

आता तो गैरसमज. अल्बॉन थाई झेंड्याखाली चालवतो कारण आई थाई आहे. जन्म लंडनचा, कार्टिंग इंग्लंडमध्ये, वडील स्वतः रेसिंग ड्रायव्हर. तुम्ही लिहिलेला थाई राजपुत्र प्रिन्स बिरा, 1950 च्या पहिल्या एफवन सीझनमध्ये होता खरा, पण तोही लहानपणीच इंग्लंडला गेलेला आणि एकविसाव्या वाढदिवसाला चुलतभावाने रेसिंग कार घेऊन दिलेली. दोघंही युरोपातच घडले. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये झेंडा पासपोर्टचा लागतो, राहत्या घराचा नाही. आणि झेंड्याने सीट मिळत असती तर एफवन टीम चालवणाऱ्या रेड बुल कंपनीत तेव्हा निम्म्याहून जास्त मालकी थाई कुटुंबाची होती, तरी रेड बुलने अल्बॉनला 2012 ला ज्युनियर प्रोग्रॅममधून (तरुण ड्रायव्हर घडवायची योजना) काढलं, आणि पुढे त्यांच्याच टीमकडून 2020 मध्ये इटलीतल्या मुजेल्लोला तिसरा येऊन एफवन पोडियमवर उभा राहणारा पहिला थाई झाल्यावरही त्याच सीझननंतर सीट गेली. 2021 त्याने रिझर्व्ह म्हणून आणि जर्मनीच्या डीटीएम या कार रेसिंग मालिकेत काढलं, मग विल्यम्स या एफवन टीममध्ये सीट. एवढं सोसायला ती हौस स्वतःची लागते, बापाची उसनी चालत नाही.

नियमांचं थोडक्यात: एफवन चालवायला लागणाऱ्या सुपर लायसन्सला साधारणपणे 18 वर्षं पूर्ण आणि तीन सीझनमध्ये 40 पॉइंट लागतात. एफवनच्या खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला टूच्या एकेका सीझनचा खर्च कोटींमध्ये, तोही दोन आकडी. ते पैसे आहेत का हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरून समजलो.

माझं स्पष्ट मत, अकरावी सायन्स सोडू नका. डेटा आवडतो ना, मग फिजिक्स-मॅथ्स नीट करू दे, पुढे इंजिनिअरिंगला जिथे फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थी स्वतः रेसिंग कार बनवतात ती स्पर्धा) टीम आहे असं कॉलेज बघा, भारतात आला तर तशीच फॉर्म्युला भारत आहेच. रेस इंजिनिअर (डेटा बघून ड्रायव्हरला मार्गदर्शन करणारा) व्हायला 64 टक्के आड येत नाहीत, पण मॅथ्स कच्चं असेल तर येईल, तेवढी शिकवणी लावा. कार्टिंग महिन्यातून एकदा मजेसाठी चालू द्या, स्टॉपवॉच घरी ठेवून. आणि दोन दिवसांचा तो अबोला आजपासून बंद. कार्ट विकायची की ठेवायची, हे त्याला विचारा आणि तो म्हणेल तसं करा.